गारखेड्यात शिवलेले हातमोजे

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे. ‘जुनं’ म्हटलं की लोक आवाज मऊ करतात, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. माझ्याशी तसं बोलू नका. माझं डोकं लोखंडाचं आहे आणि गेल्या वर्षी मी जे काम केलं, ते मोटरवाल्या मशीनला जमलेलं नाही.

मी लुधियानाच्या एका कारखान्यात तयार झालो. तिथून रेल्वेनं या शहरात आलो आणि सांडू टेलरांच्या दुकानात उभा राहिलो. चौदा एप्रिल जवळ आला की आमच्यापुढं पांढऱ्या शर्टांचा ढीग पडायचा. मिरवणुकीत माझ्या टिपा शेकडो पाठींवरून चालायच्या. लोक म्हणायचे, सांडूचं कापड विरतं पण शिलाई उसवत नाही. त्या कौतुकातलं अर्धं माझं होतं, आणि ते मी घेतलं.

सांडू टेलर गेल्यावर त्यांच्या लेकीनं, गीताबाईंनी, मला याच शहरातल्या गारखेड्याला आपल्या घरी आणलं. आम्ही दोघांनी शाळांचे गणवेश शिवले. त्यावर घर चाललं, त्यांची एकुलती मुलगी मेघा शिकली आणि बिडकीनजवळच्या कारखान्यात नोकरीला लागली. मग मोटरचं हलकं मशीन आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. सहा वर्षं मला तेलाचा थेंब मिळाला नाही. वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण मी गंजलो नाही, हेही लक्षात ठेवा.

मेघाला डोंगरांचं वेड होतं. दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत ती एका गटाबरोबर हिमाचलात गेली. तिचे हातमोजे भाड्याचे होते आणि पुरुषाच्या पंजाच्या मापाचे होते. त्यात तिला दोराची गाठ मारता येईना, म्हणून तिनं डावा मोजा काढला आणि वाऱ्यानं तो दरीत नेला. ती घरी आली तेव्हा डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. डॉक्टरांना दोन्ही बोटं मधल्या पेरापासून काढावी लागली.

गीताबाई रडल्या नाहीत. त्यांनी मेघाची सॅक माळ्यावर टाकली आणि घरात डोंगराचा विषय बंद केला.

विषय बंद राहिला नाही. पुढच्या दिवाळीनंतर मेघाची मैत्रीण श्रेया एक नकाशा घेऊन आली. स्पितीतल्या एका आडबाजूच्या खोऱ्यातलं शिखर होतं ते. नकाशावर त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता उंचीचा आकडा. एप्रिलच्या शेवटी, बर्फ घट्ट असताना, त्यावर चढायचा बेत होता. नकाशा पसरायला घरात मोठं टेबल नव्हतं, म्हणून दोघींनी मला जिन्याखालून ओढून बाहेर काढलं. सहा वर्षांनी मी उजेडात आलो, तो असा.

त्या हिवाळ्यात माझ्या फळीवर सगळी मोहीम आखली गेली. कुठल्या दिवशी कुठं तंबू लावायचा, किती दिवस वादळासाठी राखून ठेवायचे, दाण्याचा कूट आणि गूळ किती न्यायचा. दर रविवारी दोघी पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन शहराजवळच्या लेण्यांमागचा डोंगर चढायच्या. गीताबाई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकायच्या आणि भांडी जरा जोरात आपटायच्या.

अडचण आणली राजकुमार सरांनी. ते शहरातल्या गिर्यारोहण संस्थेचे प्रमुख आणि या मोहिमेचे नेते होते. माणूस वाईट नव्हता. एकदा गारठून खराब झालेला हात दुसऱ्यांदा लवकर गारठतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. त्यांनी मेघाला तळावर थांबून स्वयंपाक आणि सामान बघायला सांगितलं. एका दोराला बांधून शिखरावर जाणाऱ्यांत, म्हणजे दोरावर, तिचं नाव नव्हतं.

मेघा त्यांच्याशी भांडली नाही. घरी येऊन तिनं खिडकीच्या गजाला दोर बांधला आणि त्या अपुऱ्या हातानं गाठी मारत बसली. गाठ सुटायची, ती पुन्हा मारायची. आठ-दहा दिवस गीताबाईंनी बघितलं. अकराव्या दिवशी त्यांनी माझ्या फळीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाल्या, “हात इकडं कर.”

मेघानं हात ठेवला. गीताबाईंनी खडूनं त्याची कड आखली. दोन अर्ध्या बोटांपाशी खडू थोडा थांबला, मग पुढं गेला.

मोटरच्या मशीननं मोज्यांच्या जाड थरांवर तीन सुया मोडल्या आणि बंद पडलं. तेव्हा गीताबाईंनी माझ्यात तेल घातलं, नवा पट्टा चढवला आणि चामड्याची सुई लावली. जुन्या तंबूचं वारारोधक कापड, आत लोकरी अस्तर, तळव्याला चामडं. मार्च महिन्यात, अंगाची लाही होत असताना, आम्ही बर्फातले मोजे शिवत होतो. गीताबाई चाक हातानं फिरवायच्या आणि मी एकेक टाका घालायचो. शेजारच्या मनकर्णाबाई येऊन म्हणाल्या, की दोन बोटं घालवून पोरीची हौस भागली नाही का? गीताबाईंनी त्यांना चहा दिला, उत्तर दिलं नाही.

उत्तर त्यांनी राजकुमार सरांसाठी ठेवलं होतं. सर घरी आले, मोजे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, “ताई, घरच्या शिलाईवर मी जिवाची जोखीम कशी घेऊ?”

“सर, त्या भाड्याच्या मोज्यात तिची दोन बोटं गेली,” गीताबाई म्हणाल्या. “माझ्या शिलाईचं काय ते आधी तपासा. मग नाय म्हणा.”

मग सरांनीच मार्ग काढला. चिकलठाण्याला त्यांच्या ओळखीचं आइस्क्रीमचं शीतगृह होतं, उणे वीस अंशांचं. तिथं तासभर उभं राहायचं आणि दर दहा मिनिटांनी गाठ मारून दाखवायची. जमलं तर दोरावर नाव.

पहिल्यांदा जमलं नाही. वीस मिनिटांत बोटाचं टोक पांढरं पडलं आणि सरांनी मेघाला बाहेर काढलं. चूक आमची होती. काळजीपोटी गीताबाईंनी अस्तर ठासून भरलं होतं. घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही आणि ऊबही राहत नाही. मेघा खाली मान घालून घरी आली. गीताबाईंनी ब्लेड घेतलं आणि सगळे टाके उसवले. माझे टाके उसवले जाताना मी पहिल्यांदाच पाहिले. लागलं मला ते. पण चुकीच्या शिलाईची बाजू मी घेणार नाही.

दुसरी जोडी ऐसपैस शिवली. आत घालायला तिच्या अर्ध्या बोटांच्या मापाचा पातळ मोजा शिवला, म्हणजे गाठ मारताना वरचा मोजा काढला तरी हात उघडा पडणार नाही. मनगटाला इलॅस्टिकची दोरी लावली, म्हणजे वाऱ्यानं कितीही ओढलं तरी मोजा हातालाच राहील. शिलाईच्या भोकांवरून चिकटपट्टी फिरवली.

या वेळी तास पुरा झाला. मेघानं सहाच्या सहा गाठी मारल्या. बाहेर आल्यावर सरांनी तिची बोटं स्वतः दाबून पाहिली, खिशातला कागद काढला आणि दोरावर श्रेयाच्या मागं तिचं नाव लिहिलं. हे मेघानं घरी आल्या आल्या सांगितलं, तेव्हा गीताबाईंनी फडकं घेतलं, माझं चाक पुसलं आणि तेलाचे दोन थेंब घातले.

मोहीम मे महिन्यात परतली. शिखर झालं नव्हतं. शेवटच्या धारेवर, माथा दोन तासांवर असताना, ढग भरून आले आणि सर, श्रेया आणि मेघा, दोरावरच्या तिघांनी मागं फिरायचं ठरवलं. आधी मेघाच म्हणाली होती, चला खाली. मनकर्णाबाईंनी विचारलं, म्हणजे एवढं करून वर गेलीच नाही? मेघानं दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. नखं गुलाबी होती.

“लई वारा होता मावशी,” ती म्हणाली. “पण हात गरम होते. पुढच्या एप्रिलला जातो परत.”

आता नकाशा पुन्हा माझ्या फळीवर आहे आणि त्याखाली संस्थेतल्या चार मुलींच्या हातांचे खडूनं आखलेले कागद आहेत. परवा एक हॉटेलवाले आले होते. त्यांना माझे लोखंडी पाय हवे होते, वर काच टाकून टेबल करायला. जुन्या वस्तूची तेवढीच शोभा, असं ते म्हणाले. गीताबाईंनी माझ्यावरून नजरही उचलली नाही.

“रिकामं नाय ते,” म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही जिन्याखाली कुणी उभं असेल. त्याला पुसून शोभेला ठेवू नका. तेल घाला, पट्टा बदला आणि काम सांगा. सोपं सांगू नका.