खोलीएवढ्या हौदातली भरती

मे महिन्यातल्या त्या रविवारी अर्धं सोलापूर समुद्र बघायला माळावर लोटलं होतं. शहराबाहेर, मंगळवेढ्याच्या रस्त्याला, ‘सागर मेळा’ भरला होता. ट्रकांनी आणून ओतलेली वाळू, प्लायवूडचे माड, कोकम सरबताच्या गाड्या, शिंपल्यांच्या माळा. ज्यांना कोकणात जायला जमत नाही त्यांच्यासाठी कोकणच इथे आलंय, असं फलकावर लिहिलं होतं. डबे घेऊन आलेली कुटुंबं त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात वाळूचे किल्ले करत होती. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. मी कीर्ती, सरकारी दवाखान्यात नर्स. नवऱ्याबरोबर, म्हणजे यशपालबरोबर, त्याच्याच रिक्षातून मीही हौसेने आले होते.

तक्रार होती मेळ्याच्या मधोमध बसलेल्या दर्यानाथ महाराजांबद्दल. खोलीएवढा, निळा रंगवलेला हौद, आत खारट पाणी आणि काठावर निळ्या कफनीतले महाराज. दर रविवारी दुपारी बाराला ते या हौदात भरती आणत म्हणे. पाण्याच्या वीतभर वर शेंदराची रेघ ओढलेली होती. भरतीचं पाणी रेघेपर्यंत चढलं की आत उभ्या असलेल्यांचे रोग गेले म्हणून समजायचं.

“भक्तहो, अरबी समुद्र म्हणजे माझा थोरला भाऊ!” महाराज माइकवर सांगत होते. “मी हाक मारली की तो सह्याद्रीच्या पोटातून वाट काढत सोलापूरला येतो. शुगर, किडनी, मूळव्याध, कोर्टकचेरी, सगळं ओहोटीबरोबर घेऊन जातो!”

समुद्राला कोर्टकचेरीत एवढा रस कधीपासून, असं मी यशपालला विचारलं. तो हसला. तेवढ्यात माझ्या पायाशी एक मुलगी ओकली.

आठ-नऊ वर्षांची पोर. ओठ सुकलेले, श्वास खोल आणि भरभर. सावरायला वाकले तर तिच्या तोंडाला नासक्या फळासारखा वास येत होता. वॉर्डात असा वास आला की आम्ही धावपळच सुरू करतो.

“शुगर आहे का हिला?”

“व्हय,” तिची आई म्हणाली. तिचं नाव मायाक्का. सांगोल्याकडची मेंढपाळ. नवरा ज्ञानू शेजारी नंबराची चिठ्ठी धरून उभा होता. मुलगी सोनम.

“इन्सुलिन कधी दिलंत?”

“परवा राती. महाराज म्हणलं, भरतीआदी दीड दिस सुई बंद पायजे, न्हाय तर दर्या अंगाला शिवत न्हाय.” तिने हौदाकाठची टोपली दाखवली. लोकांनी अर्पण केलेली औषधं तिच्यात उन्हात तापत पडली होती. सोनमची बाटलीही त्यातच होती.

माझा तोल सुटला. “पोरगी मरेल! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!”

मायाक्काने सोनमला छातीशी ओढलं. “तुमी दवाखान्यातल्याच दिसताय. ताई, वरीस झालं टोचतोय. मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचं, त्यात ही बाटली गार ठेवायची. वल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवते. पोर रोज रडती. तुमी म्हणताय बरी हुनार न्हाय. ह्यो म्हणतोय हुईल. मग म्या कुणाकडं जावं?”

आमची माणसं तिच्याशी दोन मिनिटंही नीट बोलली नसणार.

त्यांचा नंबर दुसऱ्या खेपेत होता. पहिल्या खेपेचे चाळीस जण हौदाच्या पायऱ्यांशी आले. महाराजांनी हुकूम सोडला, “सगळ्यांनी पश्चिमेकडे तोंड करून डोळे मिटा. शंख वाजेपर्यंत जो उघडील त्याच्यावर दर्या कोपेल!”

सगळ्या माळाने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. पुढच्याचा खांदा धरून एकेक माणूस पाण्यात उतरत होता आणि पाणी गुपचूप वर सरकत होतं. चाळीस जण खेटून छातीभर पाण्यात उभे राहिले तेव्हा शेंदराची रेघ बुडाली होती. मग शंख वाजला.

“आली! भरती आली!” बाया रडायला लागल्या. पाणी काठावरून मायाक्काच्या पायावर सांडलं.

“माणसं उतरली म्हणून पाणी चढलं!” मी ओरडले. मागून कुणीतरी मला गप बसायला सांगितलं. मी हौद, घनफळ असं काहीतरी सांगत सुटले. कुणीही ऐकत नव्हतं.

मायाक्का मात्र पायावरच्या पाण्याकडे बघत होती. मग नवऱ्याकडे वळली.

“अवो, गोचिडाचं औषद करताना आपन हौद किती भरताव?”

मेंढ्यांचे गोचीड मारायला हे लोक हौदात औषध कालवतात आणि मेंढरं त्यात बुडवून काढतात.

“निम्मा,” ज्ञानू म्हणाला. “गच्च भरला तर मेंढरं सोडली की औषद भाईर सांडतंय की. तुला म्हाईत न्हाय व्हय?”

बोलता बोलता तोच वळून हौदाकडे बघायला लागला.

मायाक्काने आवाज चढवला. “सगळी भाईर या! हौद रिकामा करा, आन मग आण म्हणावं त्याला भरती!”

“रिकाम्या हौदात दर्या येत नसतो, माउली,” महाराज गोड हसले. “त्याला श्रद्धेचं वजन लागतं.”

“चाळीस मानसांचं लागतंय,” ज्ञानू बोलला.

कुणीतरी खुदकन हसलं. एक जण बाहेर आला, मग दोघं, मग दहा. आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. माणसं निघाली तशी रेघ वर दिसायला लागली. यशपालने हौदामागचा पडदा ओढला. तिथे खडेमिठाची पोती रचलेली होती.

पण सगळे नाही निघाले. अक्कलकोटकडचे कल्लप्पा नावाचे म्हातारे हात जोडून पाण्यातच उभे राहिले. “मला बी कळतंय की,” ते म्हणाले. “डॉक्टरनं घरी न्या म्हनून सांगितलंय. हितं निदान बरं हुशील म्हनणारं कोन तरी हाय.”

त्यांच्याजवळ थांबायला हवं होतं. पण सोनमने मान टाकली होती. मायाक्का टोपलीत हात घालून बाटली शोधत होती. तापलेल्या त्या औषधाचा आता भरवसा नव्हता. मी सोनमसकट मायाक्काला ओढतच रिक्षात घातलं.

सोनम दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. पहिल्या दिवशी ती वाचेल असं कुणी म्हणत नव्हतं, मीही नाही. चौथ्या दिवशी तिने भाकरी मागितली. त्या दिवशी मी मायाक्काला सांगितलं, की बाटली मडक्यात ठेवायची तिची पद्धत बरोबरच होती. वर्षभरात हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरात न संपणारं दुखणं असेल तर तुमचा थकवा मला कळतो. पण हात जोडून सांगते, औषध बंद करायला लावणाऱ्यापुढे डोळे मिटू नका. हे कसं झालं, असं विचारा. पुन्हा करून दाखवायला सांगा, तुमच्या अटींवर. जे खरं असेल ते विचारल्याने कोपत नाही. आणि आम्ही दवाखान्यातल्यांनीही थोडं बसून बोलावं.

“किती दिस टोचायची म्हणायची ही, ताई?” मायाक्काने सुई भरता भरता विचारलं.

गोड काहीतरी बोलावंसं फार वाटलं. “जन्मभर,” मी म्हणाले.

तिने सुईतला बुडबुडा टिचकीने घालवला.

“मंजी जल्म हाय तर पोरीला,” असं म्हणून तिने सोनमच्या पोटाची कातडी चिमटीत धरली.