दुसऱ्या भागाचा खेळ

पिक्चरचं ठरलं ते धाकटीच्या हट्टामुळे. हट्ट तरी कसला, तिने एकदाच विचारलं, तेही खाली मान घालून. "तो धोबीमास्तरचा दुसरा भाग लागलाय. जायचं का?" तिचे बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून नुकतेच आले होते, हाताचं ग्रीस तसंच होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने गॅस उगाचच बारीक केला.

पहिला भाग चौघांनी मिळून पाहिला होता. कपडे धुण्याच्या दुकानाचा लठ्ठ, आळशी मालक खरं तर कुंग-फूचा उस्ताद असतो आणि ओल्या चादरी गरागरा फिरवून गुंडांना लोळवतो, अशी ती गोष्ट. त्यानंतर घरातला एक टॉवेल धड राहिला नाही. दादा बहिणीला गुंड करायचा, टॉवेलात गुंडाळायचा आणि वर तिलाच माफी मागायला लावायचा. दुसरा भाग आला की सगळ्यांनी जायचं, असं त्याने प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं. मग त्याला ताप आला. साधा वाटला, पण डोक्यात गेला. दवाखान्यातून तिघंच घरी परतले.

त्यानंतर घर चालू होतं, एवढंच. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत आई काचा घासायची. यंत्राच्या घरघरीत कुणी बोलायला येत नसे, म्हणून तिला तिथेच बरं वाटे. घरी डबे भरले जात, कपडे वाळत पडत, जेवणं उरकत. रडायचं तर तेही ज्याने त्याने आपापल्या कोपऱ्यात.

"जाऊ या की," आई म्हणाली, आणि आपणच हे बोललो याचं तिला नवल वाटलं.

रविवारी दुपारी ते गेले. धाकटी मधे बसली, बाबा तिच्या पलीकडे, आई अलीकडे. आईच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामीच होती.

सुरुवातीला आई नुसती पडद्याकडे डोळे लावून बसली. मग गुंड दुकान बळकावायला आले. मास्तरने लढाईआधी वाकून मोठ्या रुबाबात नमस्कार केला आणि पाठीमागे त्याची विजार टर्रकन फाटली. त्याची म्हातारी आई काठी टेकत मधे आली. "थांबा रे मेल्यांनो, पोराची अब्रू चाललीय!" म्हणत तिने लढाई थांबवली आणि तिथेच सुईदोरा काढला. गुंडांचा म्होरक्या निमूटपणे दोऱ्याचं रीळ धरून उभा राहिला. म्हातारीने त्याला दरडावलं, "सरळ धर. मारामारी काय, नंतर कर."

सगळं थिएटर खदाखदा हसलं. आईच्या पोटातून काहीतरी उसळून वर आलं. खोकला असेल असं तिला वाटलं. पण ते हसू होतं. डोळ्यांतून पाणी काढणारं, दम लागणारं हसू. हसू अनावर झालं की शेजारच्याच्या मांडीवर थाप मारायची तिची जुनी खोड. दादा मुद्दाम तिच्या उजवीकडे बसायचा आणि "आई गं, हाड मोडलं!" म्हणून बोंब ठोकायचा. आताही तिचा हात उजवीकडे गेला. थाप रिकाम्या खुर्चीवर बसली. दुमडलेली सीट खाडकन खाली आली आणि पुन्हा वर गेली.

आई उठली. लोकांचे पाय तुडवत, "जरा, जरा" म्हणत बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. आतून हसण्याची लाट आली, की तिला कुणीतरी आपल्यालाच हसतंय असं वाटे.

थोड्या वेळाने बाबा धाकटीला घेऊन बाहेर आले. "काय झालं गं? बरं वाटत नाही का?"

"मी हसले हो," ती म्हणाली. "तो नाहीये आणि मी पोट धरून हसले. विसरलेच मी त्याला. कशी विसरले?"

"विसरलीस कुठे? हात तर त्याच्याकडेच गेला ना," बाबा म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि पाठ गदगदायला लागल्यावर तिला कळलं, की तेही रडताहेत. एकमेकांसमोर असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

धाकटी कठड्याला टेकून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तू जा ना आत, बघ," आईने तोंड पुसलं. "तुझा पिक्चर बुडतोय."

"तुम्ही असं कराल तर मला नाही हसता येत."

"अगं, तू हस की. तुला कुणी अडवलंय?"

"शाळेत हसते मी," धाकटी म्हणाली. "घरी नाही. घरी हसले की तुम्ही दोघं एकदम माझ्याकडे बघता."

आईला वाटलं, हिला खोटं ठरवावं. पण तिला तसे प्रसंग आठवत गेले. मान वळवून आपण पाहिलेलं, आणि पोरीने गपकन मिटलेलं तोंड. तिने पोरीला ओढून मांडीवर घेतलं. पोर आता मांडीत मावत नव्हती, तरी घेतलं.

मग तिघं आत गेले. राहिलेल्या पिक्चरमध्ये काय झालं ते आईने पाहिलं नाही. ती धाकटीचा चेहरा बघत होती, पण समोर तोंड ठेवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. पोर आधी चोरून हसली, मग मोकळी हसली, शेवटी तर खुर्चीतून घसरली. आईच्या छातीत मात्र दर हसण्यागणिक कळ उठत होती.

बसथांब्यावर धाकटीने विचारलं, "दादाला कोण आवडलं असतं गं यातलं?"

घरात त्याचं नाव असं सहज कुणी काढत नसे. बाबांनी उगाच बस येते का ते पाहिलं.

"ती म्हातारी," आई म्हणाली.

"छे! त्याला तो म्होरक्या आवडला असता. रीळवाला. घरी येऊन त्याने मला तेच करायला लावलं असतं."

"मग तू केलं असतंस?"

"नसतं केलं," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "केलं असतं."

त्या 'असतं'ने आईला रडू आलं. तोंड लपवायला तिने पदर शोधला नाही. रस्त्यावरची माणसं बघत होती, तरी ती तशीच उभी राहून रडली. बाबांनी एका हाताने तिचा दंड धरला, दुसऱ्याने बसला हात केला.