जुळी विशेषणं

सूर्यभानला इंग्रजीची भीती नव्हती, वैताग होता. एका गोष्टीला एक शब्द असावा, एवढी साधी अपेक्षा माणसानं धरायची नाही का? पण नाही. साहेबाच्या भाषेत नुसतं उंच म्हणायचं तरी दोन शब्द. माणूस उंच असला तर 'टॉल', डोंगर उंच असला तर 'हाय'.

"सर, उंच म्हंजी उंच! त्याच्यात माणूस काय अन् डोंगर काय?" असं त्यानं पहिल्याच रविवारी विचारलं आणि सगळी शिकवणी खो खो हसली.

शिकवणी म्हणजे काय, तर चिकलठाण्याच्या कारखान्यांतले आठ-दहा बदली कामगार. रविवारी सकाळी औरंगाबादेत नागसेनवनाच्या कडेला एका खोलीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचे. शिकवायचे मोतीराम सर. सर कसले, सूर्यभानच्याच वयाचा, इंग्रजीत एम.ए. होऊन नोकरीसाठी अर्ज करत बसलेला पोरगा. कोणाकडून पैसा घेत नव्हता. वर चहाही स्वतःच करायचा.

दोघं एकाच गावचे, फुलंब्रीच्या पुढं आडवाटेला असलेल्या. सूर्यभान धनगरवाड्यातला, मोतीराम गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यातला. शाळेत एका ओळीत बसले, पण पाणी प्यायचे दोन माठांतलं. गावात भेटले की 'अरे मोत्या', 'अरे सूर्या' चालायचं. खोलीच्या उंबऱ्याच्या आत आला की मात्र सूर्यभान 'सर' म्हणायचा. मोतीरामनं कधी म्हणायला सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच वाटायचं.

सूर्यभानला कायम व्हायचं होतं. तीन वर्षं बदलीवर घासून झाली होती. कंपनीत स्टोअरमध्ये एक जागा निघाली होती, पण रजिस्टरं सगळी इंग्रजीत. चौदा ऑगस्टला लेखी परीक्षा आणि मग साहेबासमोर तोंडी. साहेब दक्षिणेकडचा, त्याला मराठी ओ का ठो कळत नव्हतं. म्हणून ही सगळी झकमारी.

"तुझ्या कळपात काळपट मेंढ्या किती तऱ्हेच्या?" सरांनी त्या पहिल्या रविवारी त्याला उलट विचारलं होतं.

"काळी हाय, करडी हाय, भुरी हाय, काबरी हाय..."

"मला त्या सगळ्या सारख्याच दिसतात. तुला का नाही दिसत? कारण तू त्यांच्यात राहतोस. शब्दांचंही तसंच. त्यांच्यात राहा, दिसायला लागतील."

हे मात्र सूर्यभानच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यानं शंभर पानी वही घेतली, वर 'जुळी विशेषणं' असं लिहिलं, आणि पाळीवर जाता-येता घोकायला लागला. 'अलोन' म्हणजे नुसता एकटा. माळावर मेंढपाळ अलोन असतो, पण कुत्रं आहे, कळप आहे, त्याचं काही अडत नाही. 'लोनली' म्हणजे भोवती माणसं असूनही ज्याला जीव नकोसा होतो तो. 'क्वाएट' म्हणजे शांत, गडबड न करणारा. 'सायलेंट' म्हणजे तोंडातून शब्दच न काढणारा.

"सूर्यभान, तू क्वाएट आहेस का रे?" सर हसत विचारायचे.

"नाय बा सर! आमची हाळी चार शेतं पार जाती!"

"जाते खरी. तू गावी असलास की माझी आई तर तुझ्या हाळीवरून वेळ ओळखते. म्हणते, सोनाजीच्या सूर्यभानाच्या मेंढ्या परतल्या, आता चूल पेटवायची."

सरांची आई, चतुराबाई, गावातच राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण माणूस बोलला रे बोलला की वीस पावलांवरून नाव घेऊन चौकशी करणार. सूर्यभान लहान असताना एकदा बोराटीत पडला होता, तेव्हा हिनंच त्याच्या पायातले काटे काढले होते आणि वर "घरी सांगू नको हां, मी शिवले म्हणून" असंही बजावलं होतं. त्यानं नव्हतं सांगितलं.

मग जुलैच्या शेवटी मुंबईत ठराव झाला, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे खरोखरच पेटला हो, गावंच्या गावं! बस बंद, बाजार बंद, कंपनी चार दिवस बंद. सूर्यभान मिळेल त्या वाहनानं आणि उरलेलं पायी गावाकडं गेला. बाप सोनाजी एकटाच दोनशे मेंढ्यांमागं होता. जाऊ नको म्हणून मोतीरामला सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तो नुसता येरझारा घालत होता. "आईकडं बघ," एवढं त्यानं सूर्यभानला निघताना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूर्यभान माळावर होता. खाली बौद्धवाडा स्पष्ट दिसत होता. पुरुष माणसं आदल्या रात्रीच रानोमाळ पांगली होती. तीस-चाळीस जणांचा घोळका गल्लीत शिरला. पुढं अप्पाराव होता, गावच्या बागाईतदार तात्यासाहेबांचा पुतण्या, हातात रॉकेलचा डबा. तोंड बांधायचीसुद्धा त्याला गरज वाटली नव्हती. पहिलं छप्पर पेटलं, दुसरं पेटलं, आणि तिसरं चतुराबाईचं. मोतीरामच्या डिग्रीच्या कागदांची पेटी त्याच घरात होती.

मेंढ्या बुजल्या. सूर्यभान सवयीनं जोरात हाळी देत त्यांना वळवायला लागला. आणि खालून आवाज आला.

"सूर्यभाना! आरं सूर्यभाना, हिकडं ये रं! मला वाट दिसंना!"

म्हातारी आगीच्या धगीतून बाहेर पडून हात पुढं करून चाचपडत होती. हाळी आली त्या दिशेला तोंड करून उभी होती. अप्पारावनं वर मान करून माळाकडं बघितलं. अन् सूर्यभानची हाळी अर्ध्यावरच तुटली. त्यानं आवाज केला नाही, मेंढ्यांनाही नाही. म्हातारीनं आणखी दोनदा हाक मारली, मग दिशा चुकून बाभळीच्या कुंपणात पडली. तिथंच ती सांजेपर्यंत होती. तिचे भाऊबंद आले तेव्हा त्यांनी तिला काढलं, आणि सिल्लोडकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं तिला औरंगाबादला मोतीरामच्या खोलीवर पोचवलं. हात भाजले होते, पण जगली.

तिनं पोराला पहिलं काय सांगितलं असेल? "सोनाजीचा सूर्यभान होता माळावर. त्यानं समदं बघितलंय. तो सांगंल."

मोतीराम ठाण्यात गेला. फौजदार म्हणाला, म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, आवाजावर केस उभी राहत नाही. बाकी सगळे साक्षीदार तुमच्याच वस्तीतले. दुसऱ्या समाजाचा एक जरी माणूस बोलला तरी बघता येईल.

मोतीराम कंपनीच्या गेटवर येऊन सूर्यभानला भेटला. हातापाया पडला नाही, आवाज चढवला नाही. "तू बघितलंस ना? मग तेवढंच सांग. एक शब्द जास्त नको," म्हणाला.

"सांगतो," सूर्यभान म्हणाला. आणि त्या वेळी त्याच्या मनात खरोखर तसंच होतं. एवढं त्याच्या बाजूनं बोलायलाच पाहिजे.

पण आधी बापाच्या कानावर घालावं म्हणून तो गावी गेला, आणि तिथं घरापुढं तात्यासाहेब स्वतः घोंगडीवर बसलेले. गावचा एवढा मोठा बागाईतदार धनगराच्या घोंगडीवर कधी टेकला नव्हता. चहा घेतला. मांडीवर कोकरू घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सोनाजी, यंदा उन्हाळ्यात मेंढ्या आमच्याच रानात बसवायच्या ना रे?"

"व्हय मालक. आणिक कुठं?"

"हां. अन् माळ बी तुमचाच समजा. पोरगं कायम होणार म्हणतात. चांगलं झालं." एवढंच बोलून ते उठून गेले. धमकी म्हणावी तर एक शब्द वावगा नव्हता.

उन्हाळ्यात मेंढ्या त्यांच्या शेतात बसायच्या, खताच्या बदल्यात वर्षाची ज्वारी यायची. पावसाळ्यात चराई त्यांच्याच माळावर. सोनाजी पोराकडं वळला. "तुला कंपनी पोसंल रं," तो म्हणाला, "मी ह्या दोनशे जितराबाला घेऊन कुठं जाऊ? सांग ना. तू सांग, मी जातो." म्हातारा रडत होता. सूर्यभानला बापाला रडताना बघायची सवय नव्हती. काय सांगणार होता बिचारा!

ठाण्यात त्यानं सांगितलं, मी त्या दिवशी माळावर नव्हतोच. फौजदारानं दोन ओळी लिहिल्या आणि सही घेतली. सूर्यभाननं ती इंग्रजीत केली, कारण आता त्याला येत होती.

परीक्षेत 'आपण ज्याला मानता अशा एका माणसावर पाच वाक्यं लिहा' असं आलं. त्यानं मोतीराम सरांवर लिहिलं. प्रामाणिक म्हणून ऑनेस्ट, मायाळू म्हणून काइंड, धीराचा म्हणून पेशंट, एकही शब्द चुकला नाही. तोंडी परीक्षेत साहेबानं अलोन आणि लोनलीतला फरक विचारला. सूर्यभाननं मेंढपाळाचं उदाहरण दिलं आणि साहेब खूश होऊन खुर्चीत मागं रेलला. लोनलीसाठी मात्र त्याला उदाहरण सुचेना. सुचलं होतं, पण ते सांगता येईना.

तो कायम झाला.

पुढच्या रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन तो शिकवणीला गेला. जायचं नव्हतं, पण न जाणं त्याहून अवघड वाटलं. खोलीच्या कोपऱ्यात चतुराबाई बसली होती, दोन्ही हातांना पट्ट्या. सूर्यभान दारातच थबकला. मोतीरामनं त्याच्याकडं पाहिलं आणि सतरंजीवरची जागा दाखवली. तो बसला. पुडा पिशवीतच राहिला.

नवीन पोरं आली होती, म्हणून सरांनी उजळणी घेतली. फळ्यावर लिहिलं, क्वाएट, सायलेंट. मग वळले. नाव घेतलं नाही. नुसता खडू सूर्यभानकडं केला.

तो उभा राहिला. उत्तर त्याला पाठ होतं, झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. त्यानं तोंड उघडलं, आणि कोपऱ्यात म्हातारीनं मान वर केली, कान दिला. एक शब्द निघाला असता तरी तिनं ओळखलं असतं. शेजारच्या कडुबानं त्याला कोपर मारलं, "बोल की!" सूर्यभाननं उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.

"बस खाली," सर हळूच म्हणाले. "बरोबर आहे."

तो बसला.

"कोण हाय रं मोतीराम?" म्हातारीनं विचारलं. "उत्तर आलं नाय जणू त्याला."

"कोणी नाही आई. नवीन आहे."

"आरं, मग सोनाजीचा सूर्यभान कवा यायचा? गावाहून आला का न्हाय अजून? आला की माझ्याजवळ बसव त्याला. लई गुणाचं पोरगं, लहानपणी सांगू नको म्हटलं तर कुणाला सांगितलं न्हाय त्यानं. आवाज दिला की मी लगीच वळखते."

"हो आई," मोतीराम म्हणाला, आणि फळा पुसायला लागला.