ताईचा बँड बसवताना

आमच्या ताईशी भांडण काढायचं असेल तर तिला नुसतं मदत करायला जावं. गेला आठवडाभर मी तेच करत होते.

झालं असं. ताई मुलांच्या नाचाच्या क्लासमध्ये पियानो वाजवते. म्हणजे वाजवायची. आजारपणात तिचा डावा हात लुळा पडला. उजवा हात आणि जीभ शाबूत राहिली, त्यातली जीभ जरा जास्तच. क्लासच्या बाई भल्या, इतके महिने त्यांनी तिची जागा धरून ठेवली. पण आता त्यांनी स्पष्टच सांगितलं, सोमवारी येऊन वाजवून दाखवा, नाहीतर आम्ही रेकॉर्ड केलेली गाणी लावू. "लावू देत की," ताई म्हणाली, "मी घरी भाजी निवडत बसेन." ताई असं शांतपणे बोलली की मी मुकाट कामाला लागते.

म्हणून तिच्या लेकीने, माझ्या भाचीने, लांबून एक सॉफ्टवेअर पाठवलं. त्यात अख्खा बँड असतो, ड्रम, बास, गिटार, सगळा लवाजमा. ताईचा इलेक्ट्रिक पियानो कॉम्प्युटरला जोडायचा आणि तिने उजव्या हाताने चाल वाजवायची. सूर बदलायची वेळ आली की पायाखालचं पेडल दाबायचं, मग बँड पुढच्या कॉर्डवर, म्हणजे साथीच्या पुढच्या सुरांवर जातो. "मावशी, चुटकीसरशी होईल," भाची म्हणाली. हिला काय जातंय बोलायला.

पहिल्या दिवशी ताईने डोळे मिटून, जीव ओतून एक पट्टी दाबली आणि शिट्टी वाजली. दुसरी दाबली तर झांज. मी तिचा पियानो चुकून ड्रमच्या चॅनेलवर लावला होता. "छान," ताई म्हणाली, "चौकात रहदारी आवरायची नोकरी मिळेल मला." ते निस्तरलं तर आवाज पट्टीच्या मागून रमतगमत यायला लागला. तीही सेटिंग सापडली. मग ताल निवडायचा, तर ताईला एकही ड्रमवाला पसंत पडेना. हा आपटतो, तो झोपलाय, तिसऱ्याला घरी जायची घाई.

"ताई, तो माणूस नाहीये."

"ते ऐकूच येतंय."

शुक्रवारी एकदाचा ताल ठरला आणि खरा घोळ सुरू झाला. बँड आपल्या मनाने कॉर्ड बदलू लागला. ताईचा पाय पडायच्या आत तो पुढे गेलेला, मग पाय पडला की आणखी एक पाऊल पुढे, आणि सगळं बेसूर. मी केबल बदलली, पेडल झटकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. ताई म्हणाली, "तुझ्या हाताला गुणच नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पेडल उपटून बाजूला ठेवलं. म्हटलं, बघू आता कशाने बदलतोय. ताई वाजवायला लागली. बँड पेडलशिवाय बदलत राहिला, आणि आता सगळं सुरात होतं.

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, मॉनिटर नावाची खिडकी उघड, पियानोतून काय काय येतंय ते दिसेल, कुठली पट्टी आणि किती जोराने. उघडली. उजव्या हाताचे आकडे सत्तर, ऐंशी असे येत होते. आणि मधूनमधून अगदी खालच्या, डावीकडच्या पट्ट्यांचे तीन, चार, दोन.

"ताई, डावा हात काढ तिथून."

"तो काय करतोय? पडलाय बिचारा. मांडीवर ठेवला की घसरतो, म्हणून पट्ट्यांवर ठेवते."

"तो वाजवतोय."

"मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलू नकोस."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि पुन्हा वाजवायला लावलं. त्या हाताची बोटं जेमतेम हलत होती, कानाला काही लागू नये इतकी हळू. पण पट्ट्या बरोबर होत्या, आणि वेळेवर. बँडला आवाजाशी देणंघेणं नव्हतं, खालची पट्टी दबली की तो पेडलसारखाच कॉर्ड बदलायचा. आम्ही दोघी त्याला शिव्या घालत होतो आणि तो मुकाट्याने ताईचंच ऐकत होता. मला रडूच आलं. ताईला नाही. ती म्हणाली, "मग मला का ऐकू येत नाही?"

त्यालाही उपाय निघाला. भाचीने फोनवर सांगितलं तसं मी खालच्या पट्ट्यांचं माप बदललं, तीनच्या जोराने दाबलं तरी आवाज सत्तरचा यावा. मग शनिवार-रविवार ताईने बँडमधल्या एकेकाला घरी पाठवलं. आधी गिटार, मग बास. ड्रमवाल्याला तेवढं हळू वाजवण्याच्या अटीवर ठेवलं.

सोमवारी क्लासमध्ये मी कॉम्प्युटर घेऊन तिच्या शेजारी बसले. बाईंनी टाळी वाजवली, मुलं नाचू लागली, ताई दोन्ही हातांनी वाजवू लागली. आणि ऐन मध्यावर डावीकडून एक सूर असा ठणठणीत चुकला की पुढची मुलगी पाऊल विसरली. सगळं थांबलं.

"तुमचं मशीन चुकलं वाटतं," बाई मला म्हणाल्या. "असू दे, नवीन आहे."

मी हो म्हणून मोकळी होणार होते. त्यात सगळ्यांचीच सोय होती. पण ताई ताठ झाली.

"मशीन नाही," ती म्हणाली. "मी चुकले. ह्या हाताने." आणि उजव्या हाताने डावा उचलून तिने तो सगळ्या मुलांना दाखवला. पहिला नंबर आल्यावर पोरं बक्षीस दाखवतात, तसा.

बाईंनी त्या हाताकडे एकदा बघितलं. मग मुलांकडे वळल्या.

"जागेवर या सगळे," त्या म्हणाल्या. "पियानोच्या मावशींबरोबर, पहिल्यापासून."