हवेचा निकाल

सायकल माझी, तिच्यावरून सिहोऱ्याला शिवणक्लासला जाणारी मी. पण तिच्या चाकात हवा किती, हे ठरवणारे घरात दुसरेच दोघं.

सासूबाई अंगठ्यानं टायर दाबून सांगतात. दाताखाली दाणा धरून धान वाळलं की नाही ते सांगणारी बाई ती, तिला यंत्र कशाला? माझ्या नवऱ्यानं, अंकुशनं, मात्र परवा हवा मोजायचं काट्याचं मीटर मागवलं.

आज सकाळी मी हवा भरून पंप ठेवला, तर दोघं मागच्या चाकापाशी बसलेले.

"बराबर पन्नास हाय," अंकुश म्हणाला.

"जास्त हाय. टायर फुटन," सासूबाईंनी अंगठा दाबला.

"काटा खोटा बोलते का, माय?"

"मंग माहा अंगठा खोटा बोलून राहिला का?"

त्यानं पुन्हा मीटर लावलं. फुस्स झालं. त्यांनी पुन्हा दाबलं. आता त्यांना बरोबर वाटत होतं, तर काटा कमी दाखवत होता. पुन्हा मीटर, पुन्हा फुस्स. दर खेपेला हवा सुटत होती. मी सांगायला गेले, तर दोघंही म्हणाले, "तू थांब जराशी."

शेवटी काटा शून्यावर आला आणि अंगठा रिमला टेकला.

"आता जुळलं," सासूबाई समाधानानं म्हणाल्या.

मी अंकुशच्या मोटारसायकलची किल्ली उचलली.

"अन् मी कायनं जाऊ?" त्यानं विचारलं.

"सायकल हाय ना," मी म्हटलं. "हवा तं तुमी दोघायनं मोजलीच हाय."