मी काठी नव्हे, कॅमेऱ्याचा पाय

मित्रांनो, ओळख करून देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो. मी काठी नाही. दिसतो तसा, हे कबूल. पण दिसण्यावर जाऊ नका. मी एक जुना एकपायी स्टँड आहे. माझ्या डोक्यावर कॅमेरा बसतो आणि त्याचा सगळा भार माझ्या एका पायावर असतो. तीन पायांचे स्टँड तुम्ही पाहिले असतील. तेही बरे असतात बिचारे, पण त्यांना उभं करायचं म्हणजे आधी एक पाय पसरा, मग दुसरा, मग तिसरा, मग बघा कुठे कलतोय का. मी आपला कधीही, कुठेही जायला एका पायावर तयार!

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अॅल्युमिनियमच्या चार नळ्या एकात एक बसवल्या, प्रत्येक जोडावर एक पकड लावली आणि टोकाला रबरी बूट चढवला. शेवटच्या टेबलाशी तपासणीला एक बाई होती. ती प्रत्येक स्टँड पूर्ण उघडायची आणि त्याच्यावर अंगाचा सगळा भार टाकून रेलायची. माझ्या आधीचा फसकन खाली बसला. त्याची रवानगी लगेच बाजूच्या खोक्यात झाली. माझ्यावर ती एकदा रेलली, पुन्हा रेलली आणि म्हणाली, "हा उभा राहील." एवढ्या एका वाक्यावर मी आजवर छाती काढून जगलो आहे.

दुकानातून मला विकत घेतलं ते काकांनी. मैदानावर लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा धंदा व्हिडिओ काढण्याचा. सुरुवातीला आम्ही लग्नं केली, शाळांच्या शर्यती केल्या, एका दुकानदाराच्या मांजरीचा वाढदिवससुद्धा केला. मग एकदा त्यांना डिस्क गोल्फच्या स्पर्धेचं काम मिळालं आणि आमच्या आयुष्याला खरी फिरकी बसली.

हा खेळ तुम्ही पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. हातात ताटलीएवढी प्लॅस्टिकची चकती असते. लांब, झाडांच्या पलीकडे कुठेतरी एका खांबाला लोखंडी टोपली लावलेली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. कमीत कमी फेकींत चकती त्या टोपलीत घालायची. चकती साखळ्यांना लागली की असा खणखणाट होतो की ऐकणाऱ्याचं पोट भरावं. एक टोपली झाली की सगळे खेळाडू पुढच्या टोपलीकडे चालू लागतात. सोपं वाटतं ना? खेळायला असेलही. चित्रित करून बघा म्हणजे कळेल!

पहिल्या दिवशी काकांनी जीव तोडून काम केलं. संध्याकाळी घरी सगळे पडद्यासमोर बसले. खेळाडू धावत येतो, हात फिरवतो, कॅमेरा गर्रकन वर वळतो, आणि मग निळं निळं आकाश. पुढचा खेळाडू, पुन्हा आकाश. त्यानंतरचा, तेच. चकतीचा पत्ता नाही. शेवटी काकूंनी नवऱ्याला धीर दिला, "अहो, आकाश मात्र छान आलंय हो."

काकांनी हे वाक्य फार मनाला लावून घेतलं. पुढे कित्येक महिने ते खेळाडूंच्या सरावाला जाऊन नुसते बघत बसायचे. हळूहळू त्यांना कळलं, की चकतीच्या मागे धावलं की ती हमखास सुटते. फेकणाऱ्याचा खांदा बघायचा, चकती हातात किती तिरकी धरली आहे ते बघायचं आणि ती जिथे उतरणार तिथे आपण आधी जाऊन थांबायचं. मग ती आपल्या पायांनी चित्रात येते. पांढरी चकती ढगांत हरवते, हिरवी झाडीत, म्हणून कुणाच्या हातात कुठल्या रंगाची आहे तेही डोक्यात ठेवायचं. एवढं करून खेळाडू पुढच्या टोपलीशी पोचायच्या आत आपण तिथे पोचलेलं असायला हवं. कॅमेऱ्यासाठी कोणी खोळंबत नाही. मला खांद्यावर टाकून काका जे पळायचे ते बघण्यासारखं असायचं.

सगळ्यांत अवघड काम कुठलं, सांगू? गप्प राहणं. खेळाडू नेम धरून उभा असताना कॅमेऱ्यामागे पानसुद्धा वाजायला नको. "कॅमेऱ्यामागचा माणूस मुका असतो," हे काकांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांच्या मानेवर लाल मुंगी चढली आणि कडकडून चावली. त्यांचा हात माझ्यावर घट्ट आवळला, पण चित्र हललं नाही की तोंडातून हूं नाही. त्यांची मुलगी तेव्हा लहान होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. ती एकदा चकती टोपलीत पडायच्या आधीच टाळ्या वाजवून बसली. काकांनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "टाळी नंतर. आधी साखळी." तेव्हापासून ती तळहात काखेत दाबून उभी राहायची. अशीच बघत बघत ती काम शिकली.

ती आमची ऐन भराची वर्षं. खेळाडू मला ओळखायचे. "काकांचा एक पाय आला!" म्हणायचे. मी फुगलो नसतो तरच नवल.

मग भिंगरी मोठी झाली आणि तिने गिंबल नावाचं मोटारीचं यंत्र आणलं. ते हातात धरून कितीही पळा, चित्र लोण्यासारखं सरकतं. उगाच कशाला खोटं बोलू, यंत्र चांगलं आहे. मला त्याचा राग आला तो आलाच. त्याच सुमाराला काकांचा गुडघा धरला. डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं. भिंगरीने टोपलीपाशी उभं राहायला दुसरा कॅमेरावाला नेमला आणि वडलांना म्हणाली, "बाबा, आता थांबा. पुष्कळ केलंत." ती प्रेमानेच म्हणाली, पण काका त्यानंतर दोन दिवस जेवणात मीठ कमी आहे की जास्त यावरसुद्धा बोलले नाहीत.

आणि मी? मी दारामागे गेलो. मित्रांनो, सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो. माझ्या डोक्यावर, जिथे कॅमेरा बसायचा तिथे, केरसुणी बांधून माझ्याकडून जाळी काढून घेतली! कधी खिडकीला टेकू म्हणून लावलं, कधी झाडावर अडकलेलं फूल पाडायला नेलं. "ती काठी दे रे" म्हणून कोणीही हाक मारायचं. जोडांमधली मैदानावरची वाळू तशीच राहिली आणि माझी मधली पकड कुरकुरायला लागली.

मग तो रविवार आला. बायकांच्या गटाची अंतिम फेरी होती. हा गट त्याआधी कोणी चित्रित करत नसे. भिंगरीने आयोजकांशी भांडून ते काम मिळवलं होतं. आणि नेमका त्याच सकाळी दुसरा कॅमेरावाला तापाने फणफणला. भिंगरी फोन ठेवून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागली. काका चहा पीत होते. कप खाली न ठेवताच म्हणाले, "शेवटच्या टोपलीपाशी मी उभा राहतो."

"बाबा, तिथे उतार आहे."

"मला माहीत आहे. तू रांगत होतीस तेव्हापासून माहीत आहे."

बापलेकीची बरीच खडाजंगी झाली. शेवटी भिंगरी म्हणाली, "बरं. घडीची खुर्ची देते. कॅमेरा पुढ्यात धरून बसायचं, उठायचं नाही. हे नीट झालं तर पुढचं बघू. गुडघ्याने दगा दिला किंवा फेक सुटली, तर मात्र हे शेवटचं. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले आणि दारामागून मला बाहेर काढलं.

"ती काठी कशाला घेताय?"

"काठी नाही ती. स्टँड आहे." त्यांनी केरसुणीची सुतळी दाताने तोडली. मला तर भरूनच आलं.

शेवटची टोपली एका टेकाडावर होती आणि टेकाडाच्या पायथ्याशी पाण्याचा कालवा. चकती पाण्यात गेली की खेळाडूला एका फेकीचा दंड. काका खुर्चीत बसले, मला समोर रोवलं आणि कॅमेरा सुरू केला. भिंगरी गिंबल घेऊन पार दुसऱ्या टोकाला, फेकणाऱ्यांपाशी होती. तिथून टोपलीसुद्धा धड दिसत नव्हती.

त्या दिवशी एका फेकीने पुढे होती बेकरीवाली मावशी. पहाटे उठून पाव भाजणारी, मनगटात कणीक मळून मळून आलेलं बळ. तिची केशरी चकती झाडांवरून आली. काकांनी जागा अचूक हेरली होती. चकती आमच्या चित्रात उतरली, टोपलीच्या जरा पलीकडे जमिनीला लागली, आणि आडवी पडायच्या ऐवजी कडेवर उभी राहून गाडीच्या चाकासारखी उतारावरून गडगडत सुटली. थेट कालव्याकडे!

खुर्चीतून खालचा उतार दिसत नव्हता, मध्ये झुडूप होतं. बसून राहिलं तर चकती पाण्यात गेली की वाचली, ते जगात कोणालाच दिसणार नव्हतं. काका उठले. गुडघ्यातून कळ गेली असणार, कारण त्यांची माझ्यावरची मूठ मुंगी चावल्या दिवशीसारखी आवळली. माझ्या डोक्यावर कॅमेरा चालू, आणि त्याच अवस्थेत त्यांनी मला उतारावर टेकलं, भार टाकला, एक पाऊल टाकलं. पुन्हा टेकलं, पुन्हा पाऊल. मधल्या पकडीतली वाळू करकरली. मी घसरतोय असं मला वाटलं. बोटभर घसरलोही! तेव्हा ती तपासणारी बाई आठवली. म्हटलं, गड्या, आज बसलास तर बाजूचं खोकंच बरं. आणि मी धरलं, मित्रांनो. माणूस आणि कॅमेरा, दोघांना धरलं.

चकती आता कालव्याच्या काठाशी डुगडुगत होती. आणि जन्मभर ज्याने कॅमेऱ्यामागे हूं केलं नाही, तो माणूस ओरडला, "थांब गं बाई, थांब! अगं, पुढे पाणी आहे!"

चकतीने काठावर एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि वीतभर अलीकडे पट्दिशी आडवी झाली.

आपण काय करून बसलो ते काकांच्या लक्षात आलं. पण कॅमेरा त्यांनी सोडला नाही. मावशी धापा टाकत आली, चकतीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, काठावर पाय रोवले आणि चढावरच्या टोपलीकडे फेकली. साखळ्या खणखणल्या. मावशी जिंकली होती. ते सगळं चित्रित झाल्यावरच काका हळूच गवतावर बसले.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भिंगरीने चित्रण जोडायला घेतलं. तो भाग आला. प्रत्येक पावलाला चित्र हिसका खात होतं, माझा टक्‌ टक्‌ आवाज येत होता, काकांचा श्वास येत होता आणि मग ती आरोळी. भिंगरीने मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"बाबा, तुम्ही बोललात!"

"चूक झाली," काका खाली मान घालून म्हणाले. "आवाज काढून टाक. हिसकेपण काढ. आणि आपलं ठरलं होतं तसं, मी थांबतो आता."

तेवढ्यात हात पुसत काकू आल्या, मागे उभ्या राहून चकती थांबेपर्यंत सगळं बघितलं आणि म्हणाल्या, "आज आकाश नाही आलं हो." काका हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लोकांपुढे गेला तेव्हा त्यात हिसके होते, टक्‌ टक्‌ होती आणि आरोळीही होती. काकांनी तो बघितला आणि चष्मा पुसत बसले. दुपारी बेकरीवाली मावशी गरम पावाची पिशवी घेऊन दारात हजर! म्हणाली, "काका, पुढच्या खेपेला जरा आधी ओरडा. माझा जीव तिथेच जाणार होता."

ती गेल्यावर भिंगरीने जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि मला उघडलं. चारही नळ्या वेगळ्या केल्या, जुन्या टूथब्रशने जोड घासले. वाळू सरसर कागदावर पडली. मधली पकड पुसून आवळली आणि झिजलेला रबरी बूट काढून नवा चढवला. मित्रांनो, तुमच्याकडेही दारामागे कोणी उभं असेल. त्याला टाकून देण्याआधी एकदा उघडा, वाळू झटका, भार टाकून बघा. आणि घरातल्या माणसाला थांबायला सांगण्याआधी, त्याला काय करायचं आहे ते एकदा विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

भिंगरीने मला पुन्हा जोडलं आणि माझ्यावर सगळा भार टाकून रेलली. मी जागचा हललो नाही.

"बाबा," ती माझ्याकडेच बघत म्हणाली, "पुढच्या रविवारी दोन टेकाडं आहेत. खुर्ची घेऊ ना?"

काका घसा खाकरून म्हणाले, "खुर्ची नको. माझी काठी असली की झालं."

काठी! मी ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं. आणि खरं सांगतो, मला त्याचा जराही राग आला नाही. बाकीच्यांनी मात्र मला स्टँडच म्हणायचं.