नीरू म्हणजे काय

मल्लम्मा दिवसातून तीन-तीनदा लिंगपूजेला बसायला लागली, तेव्हा नीलाबाईला आधी कौतुकच वाटलं. पंच्याहत्तरीची बाई, कमरेखालून गेलेली, कुणी उठवून भिंतीला टेकवल्याशिवाय बसता येत नाही. तरी सकाळी एकदा, दुपारी एकदा, दिवस कलताना एकदा ती हात पुढं करून म्हणायची, "नीलव्वा, पूजा." नीलाबाई तिच्या गळ्यातलं इष्टलिंग सोडवून तिच्या डाव्या तळहातावर ठेवायची, कपाळाला विभूती ओढायची आणि लिंगावर पळीभर पाणी घालायची. ते पाणी मल्लम्मा तीर्थ म्हणून ओठांनी ओढून घ्यायची. एका दुपारी नीलाबाईनं पाहिलं, विभूती लावायच्या आधीच तिचे ओठ तळहाताशी गेलेत, आणि पाणी संपलं तरी ती हात चाटतीय. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. देवाच्या पाण्याला कुणी नाही म्हणत नाही, हे त्या बाईनं हेरलं होतं.

निलंग्याहून औरादकडं जाणाऱ्या रस्त्यावर, गावापासून मैलभर लांब, हा वृद्धाश्रम होता. दोन लांब खोल्या, वर पत्रे, मागं एक बोअर. बावीस म्हातारी माणसं, त्यातल्या पाच बाया कायमच्या पलंगावर. सांभाळायला व्यवस्थापक ईश्वरप्पा आणि स्वयंपाकापासून गू-मूत काढण्यापर्यंत सगळं बघणारी केवळाबाई. नीलाबाई खरं तर तिथं राहायला आलेली. पोर-बाळ नाही, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान पुतण्यानं घेतलं आणि तिला इथं आणून सोडलं. पण हात-पाय चालते होते, म्हणून हळूहळू ती केवळाबाईची अर्धी जोडीदारीणच झाली. तिचं माहेर भालकीचं, त्यामुळं कानडी तोंडात होती. मल्लम्माला कानडीशिवाय बोलता येत नव्हतं. मराठी कळायची सगळी, पण जिभेवर कधी आली नाही. त्या दोघींचं बोलणं आश्रमात तिसऱ्याला कळत नसे.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, बोअर फेब्रुवारीतच गेला. टँकर चौथ्या दिवशी यायचा, कधी पाचव्या. पिण्याचं कसंबसं भागायचं. धुण्याला थेंब नव्हता. पलंगावरच्या बायांनी अंथरूण ओलं केलं की ते तसंच उन्हात टाकायचं आणि वाळलं की तसंच परत घालायचं. बायांच्या पाठी फुटल्या. एके दिवशी ईश्वरप्पानं नीलाबाईला बाजूला घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हता. स्वतः सायकलला दोन कॅन अडकवून चार मैलांवरून पाणी आणायचा. मान खाली घालून तो म्हणाला, "अक्का, पलंगावरल्या बायांना दुपारच्या जेवणानंतर पाणी देऊ नका. सकाळी एक गिलास, जेवताना अर्धा. आत कमी गेलं तर भाईर कमी येतंय. दुसरा इलाज न्हाई माझ्यापाशी."

केवळाबाईला ते जमेना. ती कुणी मागितलं की देऊन टाकायची. म्हणून माठाची वाटी नीलाबाईच्या हातात आली. मागणाऱ्या तोंडासमोरून रिकामा हात परत न्यायचं काम तिला जमलं, कारण तिला एकच भीती होती. हा आश्रम बंद पडला तर तिला जायला जागा नव्हती.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती. आधी तपासणीचा साहेब उस्मानाबादहून यायचा, दोन वर्षांतून एकदा, तेही पत्र पाठवून. आता जिल्ह्याचं ऑफिस जवळ आलं होतं. मे महिन्याच्या एका सकाळी रस्त्यावर जीपची धूळ दिसली आणि ईश्वरप्पाचा चेहराच उतरला. ट्रंकेतल्या कोऱ्या चादरी निघाल्या. नीलाबाई आणि केवळाबाईनं पाच पलंगांवर त्या भराभर घातल्या, ओल्या गोधड्या मागच्या न्हाणीत कोंबल्या आणि दार ओढून घेतलं.

साहेबाचं नाव शेषेराव. हदगावकडचा, पस्तिशीचा, शर्टाला घामाचे पांढरे डाग पडलेले. हातात छापील फॉर्म. त्यानं पत्रे बघितले, औषधांचं कपाट उघडून बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या, संडासाचं दार ओढून बघितलं, बायांना उठताना धरायला भिंतीला काही आहे का विचारलं. ईश्वरप्पा प्रत्येक गोष्टीला "हाव साहेब, करून राहिलो" म्हणत मागं मागं चालत होता. पाण्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, "टँकर येतंय साहेब. पिण्यापुरतं हाय."

मग फॉर्मातला शेवटचा रकाना आला, राहणाऱ्यांशी बोलायचा. शेषेराव दोघा-तिघांशी बोलला. साखराबाई नावाची एक धीट म्हातारी होती, ती म्हणाली, "बरं हाय बाबा. डोस्क्यावर पत्रा हाय." असं करत तो मल्लम्माच्या पलंगापाशी आला आणि वाकून म्हणाला, "काय आजी, तब्येत बरी हाय का?"

मल्लम्मानं डोळे उघडले. ओठांना भेगा होत्या, जीभ टाळूला चिकटलेली. तिनं साहेबाचा हात धरला आणि म्हणाली, "नीरू." थांबून परत, "नीरू बेकु. नीरू."

"काय म्हणून राहिल्या ह्या?" शेषेरावनं विचारलं. "आमच्याकडं ही भाषा न्हाई. नीरू म्हणजे काय?"

ईश्वरप्पानं नीलाबाईकडं बघितलं. त्याला कानडीचा तेवढा एक शब्द नक्की कळत होता.

"नीरू म्हणजे मी, साहेब," नीलाबाई म्हणाली. "माझं नाव नीलाबाई. ती नीरू म्हणती. मी जवळ पायजे म्हणती, दुसरं काय न्हाई."

आपण हे इतकं सहज कसं बोललो, ते तिचं तिलाच कळलं नाही. शेषेराव क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग पुन्हा मल्लम्माकडं वळला. "आजी, ह्या म्हणतात ते खरंय का? ह्याच का नीरू?"

मल्लम्माला सगळं कळलं होतं. तिची नजर सावकाश नीलाबाईच्या तोंडावर आली आणि तिथंच थांबली. त्या नजरेत राग असता तर नीलाबाईला सोसला असता. पण मल्लम्मा तिला ओळखू पाहत होती, अंधारातून आल्यावर माणूस समोरच्याला ओळखू पाहतं तशी. मग तिनं साहेबाचा हात सोडला आणि म्हणाली, "हौदु."

"होय म्हणती," नीलाबाई म्हणाली. एवढं एकच तिनं खरं सांगितलं.

शेषेरावनं फॉर्मवर काहीतरी लिहिलं. जीप गेली. ईश्वरप्पा ओट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. केवळाबाईनं चादरी परत काढल्या.

त्या दुपारी मल्लम्मानं पूजा मागितली नाही. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी नीलाबाईनं आपल्या वाट्याचा गिलास तिच्या ओठांना लावला, तर तिनं एक घोट घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं. "मल्लव्वा, माझ्यावर रागव, पर पाणी पी," नीलाबाई कानडीत म्हणाली. मल्लम्मा हळूच म्हणाली, "तुझ्यावर कशाला रागवू? तुला कुठं जागा हाय?" तिसऱ्या दिवशी ती नीलाबाईला आई म्हणून हाका मारायला लागली. अंथरूण कोरडं राहू लागलं. नीलाबाई त्या कोरड्या गोधडीवरून हात फिरवत बसली, आणि मग उठून ईश्वरप्पाकडं गेली.

"तिला दवाखान्यात न्या."

"कशात नेऊ अक्का? आन दवाखान्यात इचारतील की असं कसं झालं. वय झालंय तिचं. जायचीच."

चौथ्या दिवशी सकाळी नीलाबाई कुणाला न सांगता रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि लातूरच्या एसटीत बसली. रस्त्याकडेच्या विहिरींवर बाया दोर लांब करत होत्या. काही विहिरींवर तेही नव्हतं.

जिल्ह्याचं ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं. व्हरांड्यात उस्मानाबादहून आलेले कागदांचे गठ्ठे अजून दोरी न सोडता पडले होते. नीलाबाई दुपारपर्यंत बाकावर बसली. शेषेराव डबा खाऊन हात पुसत बाहेर आला आणि तिला बघून थबकला.

"तुम्ही त्या आश्रमातल्या ना? नीरूबाई?"

आश्रमातून निघताना नीलाबाईनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. ते सगळं त्या एका हाकेनं गेलं.

"माझं नाव नीरू न्हाई साहेब," ती म्हणाली. "मला असं कुणीच म्हणत न्हाई. नीरू म्हणजे पाणी. ती पाणी मागत हुती तुमाला. दुपारनंतर आमी देत न्हाई. मीच देत न्हाई. ह्या हातानं."

शेषेराव तिच्या शेजारी बाकावर बसला. मग म्हणाला, "मला शंका आलती. तिचे ओठ बघितले होते मी."

"मंग लिहिलं का न्हाई तुमी?"

"तेच सांगतो, बाई." त्यानं चष्मा काढला. "मी खरं लिहिलं तर त्या आश्रमाची मान्यता जाते. बावीस माणसं कुठं ठेवू? लातुरात असं दुसरं ठिकाण न्हाई. नांदेडला एक हाय, तिथं दहा-बारा घेतील. बाकीचे? तुम्ही म्हणालात नीरू म्हणजे मी, आन मला बरं वाटलं. हे आता सांगून राहिलो तुम्हाला. बरं वाटलं मला."

"ती मरून राहिली, साहेब."

"लिहिलं तर तुमची जागा जाईल. कळतंय ना?"

"कळतंय," नीलाबाई म्हणाली. तिला रडू येत होतं पण डोळ्यांतून काही येत नव्हतं. "तुमी लिहा. आज लिहा. उद्या माझी हिंमत हुणार न्हाई."

त्यानं लिहिलं. तिच्या समोर बसून, नव्या फॉर्मवर, आणि तिचा अंगठा घेतला. संध्याकाळच्या आत जीप काढली, सरकारी दवाखान्यातला एक डॉक्टर बरोबर घेतला आणि नीलाबाईला मागं बसवलं. आश्रमात पोचल्यावर डॉक्टरनं मल्लम्माच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यानं न्हाणीचं दार उघडून गोधड्या बघितल्या आणि नाकाला रुमाल लावून बाहेर आला. ईश्वरप्पानं एकही गोष्ट नाकारली नाही. सगळं विचारून झाल्यावर तो शेषेरावला एवढंच म्हणाला, "साहेब, मी लिहिलं हुतं वर. टँकर वाढवा म्हणून तीनदा लिहिलं हुतं."

मल्लम्मा आणि आणखी दोघींना जीपमध्ये आडवं घातलं. मल्लम्मानं नीलाबाईचा पदर मुठीत धरला होता. नीलाबाई जीपच्या पायरीवर चढली, तर डॉक्टर म्हणाला, "सोबतीला जागा न्हाई, मावशी." तिनं मल्लम्माची बोटं एकेक करून सोडवली. बोटं गरम होती आणि त्यांच्यात अजून जोर होता.

महिन्याभरात आदेश आला. आश्रम बंद. ज्यांना कुणी होतं त्यांना पत्रं गेली. सहा जणांचे नातेवाईक आले, बाकीच्यांचे आले नाहीत. दोन म्हातारे ट्रक यायच्या आदल्या सकाळी आपली गाठोडी घेऊन चालत निघून गेले. ते कुठं गेले ते कुणाला कळलं नाही. जे घेतले जाणार होते ते अकरा जण एका ट्रकमध्ये बसून नांदेडला निघाले. वाटेत साखराबाई सगळ्यांच्या देखत नीलाबाईला म्हणाली, "एकीसाठी तू बावीस जणांचा पत्रा काढलास." कुणी तिला गप्प केलं नाही. साखराबाई खोटं बोलत नव्हती.

नांदेडच्या आश्रमात नळाला पाणी होतं. खोलीत चौघींच्या जागी सात जणी. कानडी कुणालाच येत नव्हती. जुलैत शेषेरावचं कार्ड आलं. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी वाचून दाखवलं. मल्लम्मा दवाखान्यात तेरा दिवस होती. शुद्धीवर आली होती, पाणी मागून प्यायची. मग पाठीच्या जखमा चिघळल्या आणि ताप चढला. घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून दवाखान्यानं पुढचं केलं.

"पुढचं म्हंजे काय?" नीलाबाईनं विचारलं.

कार्डात तेवढंच होतं.

नीलाबाईच्या मनानं तेच धरलं. लिंगायताच्या बाईला बसवून पुरतात, जाळत नाहीत. बेवारस म्हणून नेलं असेल तर कुणी विचारलं असेल का? तिनं बाईंकडून उलट कार्ड लिहून घेतलं. दीड महिन्यानं दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात उत्तर आलं, की शेषेरावांची बदली झाली आहे आणि या ऑफिसकडं ती माहिती नाही. तिनं दवाखान्याला कार्ड लिहवलं. त्याचं उत्तरच आलं नाही. मग लातूरकडचं कुणी कुणाला भेटायला आलं, की ती फाटकापाशी जाऊन उभी राहायची आणि विचारायची, लातूरच्या सरकारी दवाखान्यात बेवारस माणसाला काय करतात. माणसं कावरीबावरी होऊन निघून जायची.

दिवाळीच्या सुमाराला, ती असंच कुणालातरी विचारून परत येत असताना, ओट्यावर बसलेली साखराबाई बोलली. ट्रकमधल्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती. "पुरलंच आसंल गं. लातुरात लिंगायत माणसं काय कमी हायेत? कुणीतरी बघितलंच आसंल."

"हाव," नीलाबाई म्हणाली.

तिला ते पटलं नव्हतं. पण साखराबाईनं सरकून जागा केली होती, म्हणून ती बसली.